अवघड जागीचं दुखणं आणि मलमांची कहाणी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. कुठलाही पेच पडला की ती ओठावर येते. पण ज्यानं कुणी ती पहिल्यांदा उच्चारली असेल, त्याला त्या वेळी हसू येत नसणार. दुखणं सोसणं एक वेळ जमतं, ते सांगणं जमत नाही. आणि सांगितलं नाही की दुखणं वाढतं.

आज ज्या दुखण्याविषयी बोलायचं आहे, ते या म्हणीतलंच आहे. गुदद्वाराच्या तोंडाशी असलेल्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. डॉक्टर तिला ‘फिशर’ म्हणतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. पण शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखी कळ येते आणि नंतर तास-दोन तास ठणका लागतो. कागदावर किंवा भांड्यात लालभडक रक्ताचे थेंब दिसतात आणि माणूस घाबरून जातो.

आपल्याकडे या भागात जे काही दुखतं त्या सगळ्याला एकच नाव आहे, मूळव्याध. खरं म्हणजे मूळव्याध म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली उतरणं. भगंदर म्हणजे पू वाहणारी नळी. आणि फिशर म्हणजे चीर. तिन्ही वेगळी, तिन्हींचे उपाय वेगळे. जुन्या चिरेच्या टोकाशी त्वचेची एक छोटी गाठ तयार होते, तिलाच लोक ‘मोड’ समजतात आणि भलत्याच उपायांच्या मागं लागतात.

या चिरेवर माणसानं आजवर काय काय लावलं, त्यातलं काय खरं उपयोगी पडलं आणि ते कसं कळलं, याची कहाणी मोठी रंजक आहे. तिच्यात तूप आहे, अफू आहे, सुरुंगाची दारू आहे आणि शेवटी गव्हाचा कोंडाही आहे.

कात्रीसारखं कापणारं

हे दुखणं नवं नाही. इजिप्तमध्ये देर अल्-मदीना इथं सापडलेल्या आणि आज ‘चेस्टर बीटी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पपायरसांपैकी सहावा पपायरस जवळजवळ सगळाच गुदरोगांवर आहे. तो तीन हजार वर्षांहून जुना आहे. पोटात घ्यायची, बाहेरून लावायची आणि गुदमार्गानं द्यायची अशी औषधं त्यात सांगितली आहेत.

आपल्याकडच्या चरक आणि सुश्रुत संहितांमध्ये ‘परिकर्तिका’ हा शब्द येतो. परि म्हणजे सगळीकडून आणि कर्तन म्हणजे कापणं. आपला ‘कात्री’ हा शब्दही याच घराण्यातला. गुदद्वाराशी कात्रीनं कापल्यासारखी वेदना म्हणजे परिकर्तिका. आजचे वैद्य फिशरला हेच नाव देतात. संहितांमध्ये ती मुख्यतः उपचारातून उद्भवलेली पीडा म्हणून येते. नाजूक प्रकृतीच्या माणसाला फार तीव्र रेचक दिलं की ती होते, असं सुश्रुतात आहे. त्यावर ज्येष्ठमध, काळे तीळ, मध आणि तूप यांची पिच्छाबस्ती आणि दुधाचा आहार सांगितला आहे. म्हणजे चिरलेल्या जागेला स्निग्ध, मऊ लेप द्यायचा आणि पोटाला सौम्य ठेवायचं. ही दोन सूत्रं लक्षात ठेवा. पुढं सगळी शास्त्रं फिरून आल्यावर आपण पुन्हा त्यांच्याजवळच येणार आहोत.

मलम की सुरी?

आता एकदम एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात येऊ. कारण चीर भरत का नाही, हा प्रश्न नेमकेपणानं तिथं विचारला गेला. नेपोलियनच्या पदरी असलेले फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सी बोयर यांच्या लक्षात आलं, की नुसती चीर हे खरं दुखणं नाही. तिच्याभोवतीचा, गुदद्वार आवळून धरणारा स्नायू घट्ट पेटका आल्यासारखा आवळला जातो. हा आवळ सुटल्याशिवाय चीर भरणार नाही. म्हणून त्यांनी स्नायूच कापण्याचा मार्ग धरला. भूल देण्याची सोय नसलेला तो काळ! पुढं थोड्याच वर्षांत रेकामिए या दुसऱ्या फ्रेंच वैद्यानं स्नायू न कापता बोटांनी ताणून सैल करण्याची रीत पुढं आणली.

लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅमन या शल्यचिकित्सकानं गरिबांच्या गुदरोगांसाठी सात खाटांचा एक छोटा दवाखाना काढला. तोच पुढं ‘सेंट मार्क्स हॉस्पिटल’ म्हणून जगभर नावारूपाला आला. या कहाणीत हे नाव पुन्हा येणार आहे.

ज्यांना सुरीची भीती वाटे, त्यांच्यासाठी मलमं होती. त्या काळच्या मलमांत अफू असे, बेलाडोना असे, शिसं असे. ब्रिटिश फार्माकोपियात माजूफळ आणि अफूचं मलम दिलेलं होतं. हो, तेच माजूफळ, जे आपल्याकडे बाळाच्या गुटीत उगाळतात. माजूफळ तुरट, म्हणून आकसवणारं, अफू वेदनाशामक. या मलमांनी ठणका थोडा कमी होई. पण स्नायूचा आवळ तसाच राही आणि चीर पुन्हा उघडे. रोग्यापुढं दोनच वाटा होत्या. मलम लावून सोसत राहायचं किंवा सुरीखाली जायचं.

सुरी पुढं खूपच सुधारली. दक्षिण आफ्रिकेतल्या आयझेनहॅमर यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं, की कापायचा असतो तो आतला, आपल्या इच्छेबाहेरचा स्नायू. लंडनमध्ये नोटारास यांनी १९६९ मध्ये बाजूनं, त्वचेखालून तो थोडासाच कापण्याची पद्धत रूढ केली. जुनाट चिरेवर ही शस्त्रक्रिया आजही सगळ्यांत खात्रीची मानली जाते. मात्र तिची एक किंमत आहे. कापलेला स्नायू पुन्हा पूर्ववत होत नाही. काही रोग्यांना नंतर वारा सरताना ताबा राहत नाही, कधी कपड्याला डाग लागतो. बाळंतपणात ज्या स्त्रियांचा हा स्नायू आधीच दुबळा झाला असेल, त्यांच्या बाबतीत ही जोखीम आणखी मोठी. बोटांनी ताणण्याची जुनी रीत तर याहून बेभरवशाची, कारण त्यात स्नायू नेमका कुठं आणि किती फाटतो याला काही मोजमाप नाही. तेव्हा प्रश्न असा उरला : स्नायू न कापता, थोडे दिवसच सैल करता येईल का?

बधिर करणारं, सूज उतरवणारं

विसाव्या शतकाच्या मध्याला दोन नवी औषधं मलमांत आली. स्वीडनमध्ये निल्स लफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केलं. दंतवैद्याकडे हिरडी बधिर करायला देतात ते हेच. आणि १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन घराण्यातली औषधं आली, त्यांतलं हायड्रोकॉर्टिसोन सूज उतरवायला मलमांत पडू लागलं. डॉक्टर ही मलमं सर्रास लिहून देऊ लागले. एकानं बधिर होतं, दुसऱ्यानं सूज उतरते, मग फायदा होणारच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

डेन्मार्कमधल्या जेन्सन नावाच्या शल्यचिकित्सकानं हे गृहीत तपासून पाहायचं ठरवलं. पहिल्यांदाच ताजी चीर पडलेले १०३ रोगी त्यानं घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला लिग्नोकेनचं मलम दिलं. दुसऱ्याला हायड्रोकॉर्टिसोनचं. तिसऱ्याला मलमच नाही. त्यांना सांगितलं, गरम पाण्याच्या टबात बसा आणि जेवणात गव्हाचा कोंडा खा. तीन आठवड्यांनी तपासलं. लिग्नोकेनच्या गटात ६० टक्के लोकांची चीर भरली होती. हायड्रोकॉर्टिसोनच्या गटात ८२ टक्के. आणि कोंडा-गरम पाणीवाल्यांत ८७ टक्के! शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांत जास्त आरामही याच गटाला पडला. हे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले.

कोंडा आणि पाणी यांनी मलमांना मागं टाकावं, हे कसं? कोंड्याचं सरळ आहे. कोंडा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ होतो आणि चिरेवर रोजचा घाव बसत नाही. पाण्याचं कोडं त्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांनी उलगडलं. त्यांनी ५, २३ आणि ४० अंश सेल्सियस अशा तीन तापमानांचं पाणी वापरून गुदद्वाराच्या स्नायूचा दाब मोजला. गार पाण्यानं फरक पडला नाही. ४० अंशांच्या पाण्यानं मात्र दाब उतरला. म्हणजे गरम पाणी नुसतं सुखावत नव्हतं, बोयरनं सुरीनं जे साधलं तेच ते हळुवारपणे साधत होतं.

टबात बसण्याची ही रीत जर्मन जलोपचारकांनी एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केली. तिला ते ‘सिट्झ बाथ’, म्हणजे बसून घ्यायचं स्नान म्हणत. आपण कटिस्नान म्हणतो. लायप्झिगच्या लुई कूने यांचं पुस्तक वाचून गांधीजी या उपचारांकडे वळले आणि १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. कूने यांचं कटिस्नान गार पाण्याचं होतं, हा फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. चिरेसाठी पाणी कोमट ते गरम, पण सोसवेल असंच हवं.

सुरुंगाच्या दारूतून मलम

ताज्या चिरेचं उत्तर असं स्वस्तात मिळालं. पण सहा-आठ आठवडे उलटूनही चीर भरली नाही, तर? तिच्या कडा निबर होतात आणि कोंडा-पाणी पुरं पडत नाही. अशा जुनाट चिरेसाठी उत्तर आलं, ते कुणाच्या स्वप्नातही नसलेल्या ठिकाणाहून.

१८४७ साली इटलीतल्या तुरिन शहरात सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानं एक तेलकट द्रव तयार केला, नायट्रोग्लिसरीन. त्याचा कणभर अंश जिभेला लावून पाहिला तर डोकं प्रचंड दुखू लागलं, अशी नोंद त्यानं केली. हा द्रव धक्क्यानं फुटे. १८६४ मध्ये त्याच्या स्फोटात आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल मारला गेला. नोबेलनं मग तो द्रव एका मातीत जिरवून १८६७ मध्ये डायनामाइट बनवलं. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचंही डोकं दुखायचं. सोमवारी सर्वांत जास्त, कारण रविवारच्या सुटीत शरीराची सवय मोडलेली असे.

डोकं दुखत होतं, कारण त्या द्रवानं रक्तवाहिन्या सैल पडत होत्या. हाच गुण ओळखून लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये छातीत कळ येणाऱ्या रोग्यांना तो अगदी सूक्ष्म मात्रेत दिला. पुढं खुद्द नोबेलला हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्याला हेच औषध सांगितलं. ही दैवाची थट्टाच आहे, अशा अर्थाचं त्यानं एका मित्राला पत्रात लिहिलं.

हे औषध काम कसं करतं, ते कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो स्नायूला ‘सैल हो’ असा निरोप देतो. या शोधासाठी तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्याआधीच, १९९३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की गुदद्वाराच्या आतल्या स्नायूलाही सैल करणारा निरोप्या हाच वायू आहे. त्याच सुमारास रॉटरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं, की स्नायूचा दाब जितका जास्त, तितका तिथल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी. आणि मागच्या मध्यरेषेवर, जिथं बहुतेक चिरा पडतात, तिथं तो मुळातच सर्वांत कमी असतो. बोयरच्या निरीक्षणामागचं कारण आता पुरतं उलगडलं. वेदनेनं स्नायू आवळतो, आवळल्यानं रक्त थांबतं, रक्ताविना चीर भरत नाही आणि चिरेमुळं पुन्हा वेदना. हे चक्र तोडायचं होतं.

१९९४ मध्ये सेंट मार्क्सच्या डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनचं पातळ मलम लावून स्नायू सैल पडतो हे सिद्ध केलं. स्नायू कापल्यासारखा परिणाम, पण औषध थांबवलं की स्नायू पूर्ववत! १९९७ मध्ये नॉटिंगहॅमच्या लुंड आणि स्कोलफील्ड यांनी जुनाट चिरेच्या ८० रोग्यांवर त्याची चाचणी घेतली. निम्म्यांना ०.२ टक्के औषधाचं मलम, निम्म्यांना औषधाविना नुसता लेप. आठ आठवड्यांत मलमाच्या गटातले ६८ टक्के बरे झाले, दुसऱ्या गटातले अवघे ८ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि शल्यचिकित्सकांच्या जगात एकच चर्चा झाली.

मात्र मलम लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचं डोकं दुखलं. सोब्रेरोला दीडशे वर्षांपूर्वी जी डोकेदुखी झाली होती, तीच ही.

डोकेदुखीविना

म्हणून दुसऱ्या औषधांचा शोध सुरू झाला. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी वापरली जाणारी दोन औषधं हाताशी होती, जर्मनीत शोधलेलं निफेडिपिन आणि जपानमधलं डिल्टियाझेम. ती स्नायूच्या पेशींत कॅल्शियम शिरू देत नाहीत, त्यामुळं स्नायू आवळत नाही. १९९९ मध्ये सेंट मार्क्समधूनच अहवाल आला, की डिल्टियाझेमचं मलम दाब उतरवतं आणि डोकेदुखी जवळपास नाही. त्याच वर्षी इटलीतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ताज्या चिरेच्या २८३ रोग्यांवर निफेडिपिनची चाचणी केली. २१ दिवसांत निफेडिपिनच्या गटात ९५ टक्के चिरा भरल्या. लिग्नोकेन आणि हायड्रोकॉर्टिसोन एकत्र असलेलं मलम लावणाऱ्यांत ५० टक्के. आज आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत डिल्टियाझेमचं जेल आणि निफेडिपिन-लिग्नोकेनचं मलम दोन्ही मिळतात, त्याचं मूळ या चाचण्यांत आहे.

आता चाणाक्ष वाचकाच्या मनात एक शंका येईल. डेन्मार्कमध्ये हायड्रोकॉर्टिसोननं ८२ टक्के बरे झाले होते, मग इटलीत तेच औषध असलेल्या मलमानं निम्मेच कसे? इथंच औषधांच्या तुलनेतला महत्त्वाचा धडा आहे. दोन वेगळ्या देशांतले, वेगळ्या खाण्यापिण्याचे, वेगळ्या निकषांनी निवडलेले रोगी शेजारी ठेवून आकडे ताडून पाहता येत नाहीत. तुलना एकाच चाचणीतल्या गटांतच करायची. आणि एका चाचणीवरही फार विसंबायचं नाही. कॅनडातल्या २००० सालच्या चाचणीत नायट्रोग्लिसरीननं सहा आठवड्यांत तीस टक्क्यांहून कमी जुनाट चिरा भरल्या, शस्त्रक्रियेनं जवळजवळ नव्वद टक्के. नॉटिंगहॅमचे ६८ टक्के तिथं दिसले नाहीत.

म्हणून मग अनेक चाचण्या एकत्र तपासल्या जातात. २०१२ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात फिशरवरच्या ७५ चाचण्या, पाच हजारांहून अधिक रोगी एकत्र घेतले गेले. नायट्रोग्लिसरीननं सुमारे ४९ टक्के चिरा भरल्या, औषधाविना लेपानं सुमारे ३५ टक्के. फायदा खरा, पण माफक. शिवाय बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना पुढं पुन्हा चीर पडली. निफेडिपिन-डिल्टियाझेमची मलमं परिणामात तेवढीच, त्रासात कमी. जुनाट चिरेत शस्त्रक्रिया या सगळ्यांहून सरस, पण तिची किंमत आपण पाहिलीच. म्हणून आज बहुतेक डॉक्टर आधी मलम देऊन पाहतात आणि उपयोग झाला नाही तरच सुरीकडे वळतात.

सहा आठवड्यांचा प्रश्न

या सगळ्या कहाणीचं सार काय? सर्वांत प्रभावी मलम कोणतं, हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारतो. खरा पहिला प्रश्न आहे, चीर किती दिवसांची आहे? सहा आठवड्यांच्या आतली असेल तर मऊ मळ, दिवसातून दोन-तीनदा गरम पाण्यात बसणं आणि डॉक्टरांनी दिलेलं साधं मलम यांवर बहुतेक चिरा भरतात. नुसतं बधिर करणारं मलम एकटं पुरं पडत नाही. हायड्रोकॉर्टिसोन स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने लावत राहिलं तर त्वचा पातळ होते. आणि नायट्रोग्लिसरीनचं मलम घेणाऱ्यानं व्हायग्रासारख्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांपासून ते लपवू नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक उतरतो.

चीर भरल्यावरही कोंडा सोडायचा नाही. जेन्सननं पुढं १९८७ मध्ये दाखवलं, की रोज १५ ग्रॅम कोंडा खाणाऱ्यांत १६ टक्के लोकांनाच पुन्हा चीर पडली, त्याच्या निम्मा खाणाऱ्यांत ६० टक्के. आपल्याकडे कणीक बारीक चाळून कोंडा टाकून दिला जातो आणि मग मेडिकलमधून इसबगोल आणलं जातं. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, उसळी आणि पुरेसं पाणी ही आपली घरातलीच तजवीज आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. रक्त पडतं म्हणजे चीरच आहे, असं धरून चालू नये. वय चाळिशीच्या पुढं असेल, वजन घटत असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील किंवा रक्त काळपट असेल, तर मलम बाजूला ठेवून आधी तपासणी. आतड्याचा कर्करोगही पुष्कळदा रक्तानंच पहिली खबर देतो. ‘मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन इलाज’ अशा भिंतीवरच्या पाट्यांना हा फरक सांगता येत नाही.

आणि सगळ्यांत मोठा शत्रू लाजच आहे. सासरी नव्यानं आलेली सून सांगत नाही, बाळंतीण ‘असंच असतं’ म्हणून सोसते, घरातले आजोबा तर कुणाला कळूही देत नाहीत. शौचाची भीती वाटते म्हणून माणूस जाणं टाळतो, कमी खातो, मळ आणखी कडक होतो. असे सहा आठवडे बघता बघता निघून जातात. ज्या चिरेला कोंडा आणि गरम पाणी पुरलं असतं, तिला मग महागडं मलम लागतं आणि कधी सुरीही लागते. तेव्हा घरात कुणी शौचालयातून वेदनेनं पांढरं पडून बाहेर येत असेल, तर त्याला एवढंच विचारा, ‘किती दिवस झाले?’ आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.